क्राकूव ते ऑस्लो

"आई, क्राकूवहून ऑस्लो म्हणजे अख्खा दिवस मोडतो. तुझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही," असं ऑस्लोत राहणारा मुलगा रादेक सहा नाताळ सांगत आला आणि बोझेनाबाईंनी ते खरं मानलं. यंदा शेजारणीनेच तिकीट काढून हातात ठेवलं. "दोन तास दहा मिनिटं. डॉक्टरकडे याहून जास्त वेळ बसतेस तू."

टॉवेलात गुंडाळलेले पिएरोगी, म्हणजे कोबी भरलेल्या उकडलेल्या करंज्या, ऑस्लोला उतरल्यावरही कोमट होत्या. बाईंना ते कोमटपणच झोंबलं.

रादेकने दार उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अगं, कळवायचं तरी."

आत टेबलाभोवती सुनेचं माहेर जमलं होतं, तेही क्राकूवचंच. व्याही उठले. "आम्ही दरवर्षी सकाळच्या विमानाने येतो. तुम्हाला म्हणे विमानाची धास्ती आहे? या, बसा इथं. हे ताट रिकामंच आहे."

पोलिश घरांत नाताळच्या आदल्या संध्याकाळी अनोळखी वाटसरूसाठी एक ताट जास्तीचं मांडतात, ते हे ताट. बाई त्या ताटाशी बसल्या.

"बरोबर जागा दिलीत," रादेककडे बघत त्या म्हणाल्या. "आईचं ताट या टेबलावर मांडलेलंच नाही."