उजव्या इंजिनाच्या तेलाचा काटा

मी काटा बोलतोय. तराजूचा नव्हे, घड्याळाचाही नव्हे. मुंबई-बंगळूर विमानाच्या उजव्या इंजिनात तेलाचा दाब किती आहे, ते सांगणारा. काचेआडच्या वाटोळ्या घरात मी एकटाच राही. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. इंजिन सुरू झालं की मी साठाच्या वर चढून थरथरू लागे, आणि ती थरथर हाच माझा संसार.

जन्म परमुलखातला. लढाईत ब्रह्मदेशाच्या आभाळात हिंडलो, लढाई संपल्यावर विमानासकट विकला गेलो आणि प्रवासी वाहू लागलो. माणसांची एक खोड मला तेव्हापासून ठाऊक आहे. बातमी चांगली असली तर माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. वाईट असली की आधी काचेवर टिचकी मारतात, जणू खोटारडा मीच.

आमचे कॅप्टन लालासाहेब आष्ट्याचे, ऊसवाल्या घरातले. शेजारी बसणारा दुय्यम वैमानिक दादासो म्हसवडकडच्या मेंढपाळांचा, विमानदलात शिकलेला. वरिष्ठापुढं त्याच्या तोंडाला कुलूप असे. दोघंच असले की त्यांची गावाकडची भाषा चाले, म्हणजे लालासाहेब बोलत आणि दादासो मान हलवी.

दर गुरुवारी सकाळी आम्ही आष्ट्यावरून जायचो. तिथं लालासाहेब विमान जरा खाली आणून पंख हलवायचे. अंगणात त्यांची आई राहीबाई पदर हलवत उभी असे. विमान गेल्याशिवाय ती भाकरीला हात लावत नसे. नोकरी धरताना लालासाहेबांनी तिला शब्द दिला होता, की विमानाला दोन इंजिनं असतात आणि ती कधी बंद पडत नाहीत. असला शब्द कुणी देऊ नये. निभवायचा तो आम्हाला.

अठ्ठेचाळीस सालच्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी कऱ्हाड मागं पडलं आणि माझा पाय घसरला. सत्तर, साठ, पंचावन्न. लालासाहेबांनी टिचकी मारली. मी पन्नासावर आलो. ते म्हणाले, काटा बिघडलाय. माझा असा संताप झाला! शेजारचा तापमानाचा काटा तर वर सरकत होता. दाब खाली आणि उष्णता वर, म्हणजे तेल गळतंय, हे शिकाऊ माणसालाही कळतं. दादासोनं खिडकीतून मान वळवून बघितलं. इंजिनाच्या पाठीवर काळे ओघळ आले होते. त्यानं तेवढं सांगितलं आणि गप्प बसला.

अशा वेळी ते इंजिन बंद करायचं, त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याकडे धार करून वळवायची, म्हणजे तो थांबतो, आणि जवळच्या धावपट्टीवर, म्हणजे कोल्हापुरात, उतरायचं. लालासाहेबांना हे पाठ होतं. पण ते म्हणाले, आष्टा सात मिनिटांवर आहे, तेवढं ओलांडू आणि मग बंद करू. थांबलेला पंखा आईच्या नजरेस पडला तर ती अन्नपाणी सोडेल, आणि गावात बभ्रा होईल तो वेगळाच.

मागं चौदा प्रवासी बसले होते. कुणी सुपारी कातरत होतं, कुणी डुलकी काढत होतं. त्यांचा जीव एका माउलीच्या नजरेपायी टांगणीला लागलाय, हे त्यांना कोण सांगणार? मी चाळिसावर आलो. मला ओरडता येत नाही. मला फक्त पडता येतं, म्हणून मी पडत राहिलो.

दादासोची नजर माझ्यावरच होती. त्यानं दोनदा तोंड उघडून मिटलं. तिसऱ्यांदा मात्र बोलला.

"आवं सायेब, पंखा वळवायला बी त्येच तेल लागतंय. ते सरलं तर पंखा थांबायचा न्हाई, वाऱ्यानं फिरत ऱ्हाईल आन आपल्याला मागं वढंल. आमच्यात लंगडी मेंढी हाकत न्हाईत, खांद्यावर घेत्यात. डावं इंजिन घील हिला खांद्यावर. पर आत्ता."

लालासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी टिचकी मारली नाही.

"बंद कर."

दादासोनं खटक्यावर हात ठेवला आणि तरीही विचारलं, "उजवंच न्हवं?" चुकून धडधाकट इंजिन बंद केलं तर सगळाच खेळ आटोपतो. लालासाहेब खात्री करून म्हणाले, "उजवंच." पंखा वळला, अडखळला, थांबला. मी शून्यावर जाऊन पडलो. आष्टा आलं तेव्हा पंख हलले नाहीत. लालासाहेबांनी खाली बघितलंच नाही.

कोल्हापुरात एका इंजिनावर सुखरूप उतरलो. मिस्त्रीनं तपासलं तर तेलाची नळी तडकलेली आणि टाकीत तळाला ओंजळभर तेल उरलेलं. नळी बदलली आणि नसती शंका नको म्हणून मलाही बदललं. खरं बोलल्याचं हे बक्षीस. लालासाहेबांनी मला मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी रुमालात गुंडाळून आष्ट्याला नेलं.

राहीबाईनं ताट वाढलं. लालासाहेबांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. शेवटी म्हणाले, "आये, काल पंखा बंद बघून भ्यालीस का गं?"

"कसला पंखा? लाला, मला दोन वर्सं झाली इमान दिसतच न्हाई. डोळ्यावर सारा पडदा आलाय. आवाज आला की पदर हलवती. तुला सांगितलं असतं तर तू पंख हलवायचं सोडलं असतंस. काल आवाज निम्माच आला. म्हटलं, आता कान बी गेलं."

लालासाहेबांनी ताट बाजूला सारलं आणि रुमाल सोडला. मग मला तिच्या हातात देऊन त्यांनी सगळं सांगितलं, सात मिनिटांसकट. तिनं माझ्या काचेवरून अंगठा फिरवला.

"आन ज्यानं तोंडावर सांगितलं, त्येला जेवायला का न्हाई आणलास?"

आता मी इथंच कोनाड्यात असतो, शून्यावर. गुरुवारी विमान डोक्यावरून जातं तेव्हा उठायची धडपड करतो, पण उठवत नाही. माझ्या जागी नवा काटा बसलाय. खरं काय ते तो सांगेलच. वर बसलेल्यांनो, त्याच्यावर टिचकी मारण्याआधी शेजारी तोंड मिटून बसलेल्या माणसाकडे एकदा बघा, एवढंच मागणं आहे.