पूर्ण बाह्यांचा शर्ट

वैशाखाच्या उन्हात मनगटाचं बटण लावून हिंडणारा माणूस एकतर नवरदेव असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. धम्मानंद जाधवचं लग्न अजून ठरायचं होतं.

वारंगा फाट्यावरच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये तो कामाला लागला, त्याच दिवशी अमृतराव मालकांनी त्याचा उजवा हात बघितला. कोपराखाली निळ्या शाईत ठळक 'जयभीम'. नागपूरला दीक्षाभूमीवर गेला असताना त्यानं हौसेनं गोंदून घेतलेलं. अमृतराव वाईट बोलले नाहीत. वाईट बोलणारा एक वेळ परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. हे गोड बोलले.

"मला काई न्हाई रे बाबा. पण आपलं गिऱ्हाईक खेड्यातलं. हातावर काई दिसलं की त्याचं ध्यान तिथंच जातं. ऑफिसात बराबर दिसत न्हाई. झाकून ठेवत जा."

बाजूच्या टेबलावर त्याच्यासारखाच सेल्समन शिवशंकर अर्ध्या बाह्यांत बसला होता. त्याच्या हातावर हा एवढा मोठा त्रिशूळ! धम्मानंदनं तो बघितला, अमृतरावांनीही बघितला. घरी आई दमेकरी, नोकरी हातची घालवायची सोय नव्हती. धम्मानंदनं पूर्ण बाह्यांचे तीन शर्ट शिवून घेतले. छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतं 'डी. जाधव' आलं, तेही मालकांनीच ठरवलं.

आपल्याकडं माणूस आधी पाणी पितो आणि मग जात विचारतो. सरळ नाही हां, गावाच्या वाटेनं. "जाधव म्हंजे कुठले?" "शिरड शहापूरचे." "हां हां, मंग आपल्यातलेच की!" एवढं झालं की धम्मानंद घाईघाईनं गिअरबद्दल बोलायला लागायचा. आपण खोटं बोललो नाही, नुसते गप्प बसलो, अशी मनाची समजूत घालायचा. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. रात्री शर्ट काढताना मात्र त्याला स्वतःची लाज वाटायची.

उकंडराव हे असंच एक गिऱ्हाईक. बोरवाडीचे, बागाईतदार, गावात शब्दाला वजन. धम्मानंदची बहीण साक्षी त्याच बोरवाडीत दिलेली. पण हे त्यानं कधी तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर 'कोणाच्या घरी दिली' हा प्रश्न आलाच असता. उकंडरावांना हा शांत पोरगा आवडला होता. ते त्याला 'पाव्हणं' म्हणायचे, येताना शेतातली संत्री आणायचे.

त्यांनी मोठा ट्रॅक्टर घेतला आणि पुढं माती ढकलायचं ब्लेड बसवायला सांगितलं. शनिवारी दुपारी चहा घेता घेता म्हणाले, "पाव्हणं, ब्लेड सोमवारपोत बसायला पायजे."

"वावर सपाट करायचं काय, दादा?"

"वावर काहून? गायरान. तिथं त्यायनं पत्रे ठोकून घरं केलीत, निळा झेंडा लावून राहिले. अर्ज देऊन देऊन थकलो. आता बाप्ये समदे हळदीच्या कामाला बाहेरगावी गेलेत, बायाच हायत घरी. सोमवारी दिवसाउजेडी उरकून टाकू." आणि बशीत चहा ओतून फुर्र फुर्र प्यायले.

धम्मानंदनं कप खाली ठेवला. साक्षीचं घर गायरानावरच होतं. नवरा हळद शिजवायला गेलेला, घरात ती आणि दीड वर्षाचं लेकरू. बाही खाली होती म्हणून हे सगळं त्याच्या कानावर आलं होतं. जाधवसाहेब आपलेच, त्यांच्यापुढं काय लपवायचं!

संध्याकाळी त्यानं फोन केला. साक्षी घाबरली, पण रडली नाही.

"धमक्या आल्या तवाच ठाण्यात आमी बाया जाऊन आलो, दादा. बघू म्हणले. कोणी आलं न्हाई अजून."

"तू लेकराला घेऊन घरी ये."

"अन् घर? येक-येक पत्रा आमी मजुरी करून आणलाय. मी हालणार न्हाई." मग म्हणाली, "तुझी वळख हाय ना उकंडरावाशी? तू बोल ना त्यायला. तुझं ऐकतील."

सोमवारी सकाळी शोरूमसमोर ट्रॅक्टर झेंडूच्या हारांनी सजून उभा राहिला. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, पेढे वाटले. उकंडरावांबरोबर जीप भरून माणसं आली होती. पूजेला आलेल्या माणसांच्या हातात काठ्या कशाला लागतात, हे अमृतरावांनी विचारलं नाही. धम्मानंद किल्ली घेऊन उकंडरावांना बाजूला घेऊन गेला. मनगटाचं बटण त्याच्यानं लवकर निघेना. शेवटी बाही कोपरापर्यंत सारली.

"दादा, मी त्यायच्यातलाच. माझी बहीण बोरवाडीत दिलीय, गायरानावर ऱ्हाते. ज्या गावात बहीण दिली त्या गावाचा मी पाव्हणा. तुमी तर मला पाव्हणंच म्हणता. येवढा मान राखा."

आता हे भडकतील, थोबाडीत देतील, असं त्याला वाटलं होतं. तेही चाललं असतं. पण उकंडरावांनी ती अक्षरं सावकाश वाचली. मग स्वतःच्या हातानं बाही खाली ओढली आणि बटण नीट लावून दिलं.

"असं व्हय. आधी सांगायचं न्हाई का, पाव्हणं? कोणतं घर बहिणीचं?"

धम्मानंदच्या जिवात जीव आला. माणूस वाईट नाही, त्याला वाटलं.

"कडेचं, दादा. हिरव्या दाराचं. दारात शेवग्याचं झाड हाय."

"बरं झालं सांगितलं."

त्यांनी किल्ली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या पुतण्याच्या हातात दिली. आवाज मुद्दाम खाली आणला नाही.

"वैजनाथ, कडेला येक हिरव्या दाराचं घर हाय, शेवगा हाय दारात. तिथून सुरू कर."

काठ्यावाली माणसं हसत जीपमध्ये चढली. ट्रॅक्टर हार हलवत रस्त्याला लागला. मागून अमृतराव हाका मारत होते, "जाधव, कुठं चालला? दुसरं गिऱ्हाईक बसलंय आत!"

धम्मानंदनं मोटारसायकलला किक मारली. ट्रॅक्टरच्या आधी पोचणं काही अवघड नव्हतं. जीप आडवी घातली नाही तर तो सहज पुढं जाणार होता. साक्षी दारातच उभी असेल, त्याला बघून तिला धीर येईल. दादा बोलला असेल, असंच तिला वाटेल. आणि तिला सांगावं लागणार होतं की दादा बोलला, आणि तुझं घर कोणतं ते त्यांना दादानंच सांगितलं.