वाळूखालची रेघ

स्नेहलताकाकूंच्या रविवारच्या जेवणाला जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरातली सगळी मराठी पोरं जमायची, आणि काकू आमटीबरोबर एकेकाचं कौतुकही वाढायच्या. "ही आमची मैथिली बरं का. आकाशातून काढलेले फोटो बघते आणि जमीन कुठे फाटलीये ते सांगते." मैथिली नको नको म्हणायची, पण ते कौतुक तिला भातावरच्या तुपासारखं हवंसं असायचं.

काकूंचे यजमान इराणचे. तिकडच्या वाळवंटातल्या एका शहरात त्यांची आई राहायची, आणि नेमक्या त्याच शहराभोवतीच्या भेगांचा नकाशा हा मैथिलीच्या पीएचडीचा विषय. २००५च्या सप्टेंबरातल्या एका रविवारी काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, "अगं, सासूबाई हट्टाला पेटल्यात. फ्लॅट सोडून जुन्या मातीच्या घरी जायचं म्हणतात. मागे डाळिंबाची बाग, बारमाही झरा. जाऊ देऊ का? भूकंपाचं काय?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"जाऊ द्या की, काकू. भेग शहराच्या अलीकडेच संपते. घर चांगलं तीन किलोमीटर लांब पडतं."

"चला, सुटले मी," काकू म्हणाल्या आणि तिला आणखी एक पोळी वाढली.

संपत होती ती नकाशावरची रेघ. पुढे वाळू होती, वाळूवर घरं होती, आणि वाळूखाली काय आहे ते मैथिलीला ठाऊक नव्हतं. 'माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि पोळीच्या घासाबरोबर खाली गेलं.

नोव्हेंबरात ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होती. वाळवंटात पाणी उगाच वर येत नाही. जमीन फाटते, फटीत चिकणमाती दाटते, माती बांधासारखी पाणी अडवते, अडलेलं पाणी वर येतं. पाण्यापाशी माणूस येतो, माणसामागे घर येतं, घरामागे बाग येते. तिने फळ्यावर भेग काढली, भेगेच्या कडेला झरा काढला, आणि खडू तसाच हातात राहिला.

तास संपताच तिने जुने फोटो उघडले. संपलेल्या रेघेपुढे जमीन फाटून एक बाजू उचलली गेल्याची पुसटशी पायरी होती. घरांमधून, गल्ल्यांमधून ती सरळ डाळिंबांपर्यंत जात होती. वर्षभर तो फोटो तिच्यासमोर होता.

दुपारच्या ट्रामने ती काकूंकडे गेली. बूट न काढता दारातच सगळं बोलून मोकळी झाली. काकूंच्या हातात निवडायची मेथी होती.

"पण तू तर तीन किलोमीटर म्हणालीस."

"मला माहीत नव्हतं, काकू. माहीत असल्यासारखं बोलले."

"का गं?"

मैथिली खाली वाकून बूट काढू लागली. काकूंनी मेथी बाजूला ठेवली. "आल्झो," त्या सवयीच्या जर्मनमध्ये 'बरं तर' म्हणाल्या, "यांनाच सांग आता. मी नाही सांगणार."

काकांनी ऐकून घेतलं, आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून म्हातारीचा खुशीतला आवाज आला. काकांनी जर्मनमध्ये सांगितलं, "म्हणते, ज्या मुलीने मला घरी जाऊ दिलं तिच्यासाठी रोज दुआ मागते."

मैथिलीचे कान तापले. "काका, त्यांना सांगा, भेग घराखालूनच जाते. तिथे राहू नका. चूक माझी आहे. मी मोठेपणासाठी बोलले."

काका फारसीत बोलू लागले. बराच वेळ बोलले, हळुवार बोलले. तिच्या चार वाक्यांचं एवढं लांबण कसं होईल?

"काका, माझी बाजू घेऊ नका. मी म्हटलं तेवढंच सांगा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा सांगितलं, या वेळी थोडक्यात. पलीकडून म्हातारी काहीतरी म्हणाली. आवाजातली खुशी गेली होती.

"फ्लॅटमध्ये भाडेकरू आलेत," काका म्हणाले. "विचारते, आता कुठे जाऊ? नणंदेच्या दारात?"

"सांगा, जाच म्हणावं," मैथिली म्हणाली. "आजच जा." असं सांगण्याचा हक्क आपल्याला कुठून आला, ते तिचं तिलाच कळेना.

पलीकडे फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. मग दूरवर कपाटाचं दार करकरलं.

"सामान काढतेय," काका म्हणाले.

तिघेही फोनभोवती बसून ते ऐकत राहिले. एकेक कपडा काढला जात होता, मध्येच म्हातारी थांबत होती, पुन्हा काढत होती. मैथिलीला तिथून उठावंसं वाटत होतं. ती उठली नाही.