हिरवा तोगामारू

मित्रांनो, माझे नाव तोगामारू. मी खेळण्यातला एक जुना यंत्रमानव आहे आणि माझे सारे आयुष्य ओसाका शहरात गेले. उंचीला मी तुमच्या मनगटापासून कोपरापर्यंत येईन. माझ्या डोक्यावर दोन शिंगे, छाती ओतीव धातूची, हातपाय प्लास्टिकचे, आणि खांद्यांत व गुडघ्यांत खटखट वळणारे सांधे. पाठीवरची कळ दाबली की माझी उजवी मूठ सुटून उडते. निदान उडायला हवी. मला कितीतरी वर्षे कोणी हातच लावला नाही, त्यामुळे ती उडते की नाही हे माझे मलाही ठाऊक नव्हते.

आमच्यात पहिला जन्मला तो लाल तोगामारू. तो दूरचित्रवाणीवरच्या मालिकेचा नायक होता. त्या काळी घराघरांत तो असे. मुलांनी त्याला न्हाणीच्या टाकीत बुडवले, जिन्यावरून फेकले, उशाशी घेऊन झोपवले. पुढे मालिका संपली, मुले मोठी झाली, नोकऱ्यांना लागली. साचे मात्र कारखान्यात पडून होते. त्या मोठ्या झालेल्या मुलांना लहानपण आठवू लागले, तेव्हा कारखान्याने तेच साचे धुऊनपुसून पुन्हा यंत्रावर चढवले. या वेळी रंग तेवढे बदलले. काळा तोगामारू एका प्रदर्शनापुरता निघाला, पांढरा एका मासिकाच्या वाचकांपुरता. आणि मी, हिरवा.

शहरातले एक जुने, सात मजली दुकान कायमचे बंद होणार होते. त्याच्या गच्चीवर मुलांसाठी पाळणे आणि छोटी आगगाडी होती. शेवटच्या आठवड्यात, त्या गच्चीवरच तेवढी माझी विक्री झाली. दुसरीकडे कुठेही मी मिळत नव्हतो. माझा डबा पुढून पारदर्शक होता. त्यातून मी पाहिलेले पहिले दृश्य म्हणजे भर उन्हात पंखे हलवत उभी असलेली माणसांची रांग.

त्या रांगेत फुसाए नावाची एक बाई होती. तिचे यजमान, इवाबुची, ट्राम चालवत. त्यांना रजा मिळाली नव्हती, म्हणून ती आली होती. घरी जाऊन तिने मला जेवणाच्या मेजावर ठेवले आणि गार बार्लीचा चहा एका दमात प्यायली.

"डोकं भणाणलं माझं उन्हात," ती म्हणाली. "हा तरी बाहेर काढणार आहात, की याचीही डब्यातच समाधी?"

"डबा उघडला की तो पहिल्यासारखा राहत नाही गं."

"आणि मी? मी राहिले का पहिल्यासारखी, तुमच्यासाठी रांगा लावून लावून?"

इवाबुची हसले. पण डबा त्यांनी उघडला नाही. पुढे काही वर्षांनी फुसाए आजारी पडली आणि गेली. त्यानंतर रविवारी सकाळी ते मला कपाटातून काढत, डबा मांडीवर घेत आणि पारदर्शक कागदातून नुसते पाहत बसत. मला त्यांचे डोळे फार जवळून दिसत. तपकिरी, शांत डोळे होते ते.

निप्पोनबाशी भागात जुन्या खेळण्यांची दुकाने आहेत. तिथल्या एका कॉफीच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, दर महिन्याला संग्राहकांची बैठक भरे. प्रत्येक जण पिशवीतून काहीतरी आणी. जाड पाव भाजून यायचा, कॉफी यायची, आणि वाद सुरू व्हायचा. वाद नेहमी एकच. रंग बदलून काढलेल्या मर्यादित आवृत्त्या खऱ्या की खोट्या?

आमच्यासारख्यांचा मोठा वैरी होता नागातोमो. तो केस कापायचा. हात जितका चाले त्याहून तोंड जास्त चाले. त्याच्याकडे फक्त लाल तोगामारू होता, लहानपणचा, एक शिंग मोडलेला. इवाबुचींचा तो शाळेपासूनचा मित्र.

"साचा तोच, खिळा तोच, स्क्रू तोच," नागातोमो मेजावर थाप मारून म्हणे. "नवीन काय आहे यात? मी माझे केस निळे केले तर उद्या मला नवीन नागातोमो म्हणून विकशील?"

"तुला फुकट दिला तरी कोण घेणार आहे?" इवाबुची म्हणत, आणि सगळे हसत.

"हसा, हसा. कारखानदारही हसतोय. त्याचा रंगाचा डबा संपत नाही, आणि तुमची हौस फिटत नाही."

"अरे, तुला तो लाल भेटला, मला हा हिरवा. ज्या रंगात भेटला तोच आपला. यात कारखानदार कुठून आला?"

"रंग म्हणजे वरचा पापुद्रा रे! नखानं खरवडला की संपला."

असे ते वर्षानुवर्षे भांडत आणि भांडून झाले की एकाच छत्रीतून स्थानकापर्यंत जात. मला नागातोमोचा राग येई. माझ्याबद्दल इतके बोलणाऱ्या या माणसाने मला एकदाही नीट पाहिले नव्हते.

मग तो रविवार आला. मुरोझोनो नावाचा एक नवा संग्राहक हिरवा तोगामारू घेऊन आला. डबा हरवलेला होता. कोणाकडून तरी मोठ्या हौसेने घेतला होता, पण मनात शंका होती. लालवर कोणी हिरवा रंग चढवून फसवले तर नसेल? सगळ्यांनी इवाबुचींकडे पाहिले. हिरव्याबद्दल त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. पडताळ्यासाठी त्यांनी मलाही पिशवीतून काढून शेजारी ठेवले.

ते वाकले. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा माझ्या डब्याला लागेल इतका जवळ आला, आणि मित्रांनो, तेव्हा माझ्या लक्षात आले. ते डोळे माझ्यावर नव्हतेच. माझ्या खांद्याच्या बाजूला, कुठेतरी रिकाम्या जागेत ते मला शोधत होते. गेल्या कित्येक रविवारी ते मला पाहत होते असे मी समजत होतो. ते आठवत होते.

मला ओरडावेसे वाटले. पण खेळण्याला आवाज नसतो.

"अस्सल आहे," इवाबुची म्हणाले.

नागातोमोने तो यंत्रमानव उचलला, उलटा केला आणि तळपायावर नख ओढले. हिरव्याखालून लाल रंग वर आला.

मग नागातोमो मोठ्याने हसला. "वा, इवाबुची! जन्मभर रंग रंग करून आमचे कान किटवलेस, आणि आज तुलाच रंग कळेना! आता तरी मान्य कर, तुमचं सगळं सोंग आहे. तुझा अस्सल आणि याचा नकली, फरकच नाही!"

इतरही हसले. मुरोझोनोचा चेहरा उतरला. इवाबुचींनी हात पुढे करून मला चाचपले, पिशवीत ठेवले, दोन वेळा पिशवीचे तोंड चुकले. ते एवढेच म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आणि कठड्याला धरून जिना उतरले. त्या दिवशी पाऊस होता. त्यांच्यासोबत कोणी गेले नाही.

त्यानंतर ते बैठकीला गेले नाहीत. मी कपाटात होतो. दार उघडेना, रविवार कधी येतो ते कळेना. बाहेर कधी भांडे पडल्याचा आवाज येई, कधी त्यांचा स्वतःशीच पुटपुटण्याचा. नागातोमो त्यांना रुसलेले समजत होता, हे मला पुढे कळले. आपणहून येईल, असे त्याला वाटे.

आली ती त्यांची मुलगी सानाए. ती शेजारच्या साकाई शहरात राहते. बाप चहा कपाबाहेर ओततो हे पाहून तिने सगळे ओळखले. डोळ्यांच्या नसा आतून सुकत गेल्या होत्या, डॉक्टरांनी सांगितले की गेलेली दृष्टी परत येणार नाही. सानाएने त्यांना आपल्याकडे न्यायचे ठरवले. तिच्या घरात एका फळीपुरती जागा होती. मग ती नागातोमोच्या दुकानात गेली. तिथे काय झाले ते मला नंतर तिच्याच बोलण्यातून कळले. "नागातोमोकाका," ती म्हणाली होती, "बाबांना दिसत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं का?" काकांच्या हातातली कात्री तशीच थांबली. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचे अर्धे डोके कापायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपाटाचे दार उघडे असताना नागातोमो आला. हातात केस कापायची पिशवी होती.

"कोण?" इवाबुचींनी विचारले.

"निळ्या केसांचा नागातोमो."

त्याने पिशवी खाली ठेवली. मग नागातोमो म्हणाला, "काय अवतार केलायस! मानेवर झाडी माजलीय. बस इथं." आणि त्याने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधले. क्षमा हा शब्द त्याने उच्चारला नाही. तो केस कापत राहिला, फार हळू, एकेक बट बोटांत धरून. त्या दिवशी त्याचा फक्त हात चालत होता.

"सांगितलं का नाहीस?" शेवटी तो म्हणाला.

"काय सांगू? रंगांसाठी तुझ्याशी भांडणारा मी. रंगच गेले म्हटल्यावर तू भांडलाच नसतास." इवाबुची म्हणाले. "तू भांडायचा थांबला असतास ना, तर मला खरंच अंधार झाल्यासारखं वाटलं असतं."

केस झाडून झाल्यावर त्यांनी मला मागितले. सानाएने डबा हातात दिला. "कात्री दे," ते नागातोमोला म्हणाले.

"अरे, वेडा आहेस का? फुसाएवहिनींनी आणलेला... इतकी वर्षं बंद..."

"ती म्हणत होती, बाहेर काढा. मी बघत बसलो. आता बघता येत नाही."

त्यांनी चाचपडत चिकटपट्टी कापली. मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा मला वारा लागला. त्यांची बोटे माझ्या शिंगांवरून, छातीवरून, गुडघ्यांवरून फिरली. सांधे इतके आखडले होते की हात वर करताना करकर आवाज आला. त्यांनी पाठीवरची कळ दाबली. आतली स्प्रिंग गंजली होती. मूठ उडाली नाही, नुसती गळून त्यांच्या मांडीवर पडली.

मग त्यांनी दुसरा हात पुढे केला. सानाएने त्यांच्याच कपाटातला पांढरा तोगामारू डब्यातून काढून दिला. त्यांनी आम्हा दोघांना तोलून पाहिले आणि हसले. पण ते हसू मला बघवेना.

"हाताला दोघं एकच लागतात रे. साचा तोच, स्क्रू तोच. तू जिंकलास, नागातोमो."

नागातोमोने त्यांच्या हातातून मला घेतले आणि खिडकीशी नेले. त्याने मला उजेडात धरले, फिरवले. पहिल्यांदाच पाहिले.

"हा हिरवा आहे," तो म्हणाला.

"हिरवा तर कोबीही असतो."

"थांब जरा, सांगतोय ना! ओसाकाच्या किल्ल्याचं छप्पर आठवतं? तांब्यावर चढलेला तो हिरवा... तसा. पण ऊन असताना दिसतो तसा नाही. ढग आल्यावर दिसतो तसा. आणि कोपऱ्यांत थोडा काळपट झालाय, चहाच्या किटलीच्या तळासारखा."

"आणि कमरेचा पट्टा?"

"पिवळा. म्हणजे... ओदेनच्या रश्शाबरोबर खातो त्या वाटलेल्या मोहरीचा. ताजी नव्हे, रात्रभर राहिलेली."

इवाबुचींनी मान मागे टेकली. "हो," ते म्हणाले, "तोच. तोच आहे."

"मग कसला जिंकलो मी?" नागातोमो एकदम ओरडला. "पांढरा मुळीच असा नाही. याच्या जवळपासही नाही!" आणि डोळे पुसायला त्याने केस कापायचे कापडच घेतले. केस डोळ्यांत गेले ते वेगळेच.

जागा एका फळीचीच होती. कपाटातल्या बाकीच्या खेळण्यांचे काय करायचे? इवाबुचींनी बैठकीतल्या सगळ्यांना घरी बोलावले. ज्याला जो हवा तो त्याने न्यावा, अट एकच. डबा इथेच उघडायचा, हातात घ्यायचा आणि त्याचा रंग सांगायचा. माणसे आली. मोठमोठे जाणकार, पण डबा उघडण्याआधी तो चार वेळा उलटसुलट करून पाहत. एकाने काळ्याला "काळा" म्हटले, तर नागातोमो त्याच्यावर खेकसला, "काळा काय? बुटाचा, कावळ्याचा, की भिजलेल्या रस्त्याचा? नीट सांग, नाहीतर ठेव खाली!" मुरोझोनोने खूप वेळ पांढऱ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "सोललेल्या मुळ्याच्या आत असतो, तसा." इवाबुची म्हणाले, "हा तुझा."

मला त्यांनी नागातोमोला देऊ केले. त्याने मला घेतले नाही. "माझ्या घरात रंगवलेल्यांना जागा नाही," तो म्हणाला, पण मला त्यांच्या हातात ठेवताना त्याने माझी निखळलेली मूठ जपून मनगटात बसवली.

आता मी साकाईला, सानाएच्या घरातल्या फळीवर असतो. फळी खिडकीलगत आहे. इवाबुचींची खुर्ची शेजारीच आहे. ते हात लांबवतात, मला घेतात, माझे सांधे वळवतात. माझे गुडघे आता करकरत नाहीत. धूळ सानाए मऊ ब्रशने झाडते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कपाटात, माळ्यावर, बंद डब्यात कोणीतरी वाट पाहत असेल. त्याला बाहेर काढा. जपायचे म्हणून कोंडून ठेवू नका, आणि खेळायचे म्हणून मोडूही नका. हातात घ्या. आणि ज्या माणसाशी तुम्ही रोज भांडता, त्याच्या चेहऱ्याकडेही एकदा नीट पाहा. आम्ही वस्तू गप्प असतो. माणसेही पुष्कळदा गप्पच असतात.

नागातोमो आठवड्याच्या सुट्टीला गाडीने येतो. दार उघडल्या उघडल्या चपलाही नीट न काढता तो आधी माझ्याकडे येतो आणि मला खिडकीपासून आत, सावलीत सरकवतो.

"किती वेळा सांगायचं तुम्हाला," तो चिडून म्हणतो, "याला उन्हात ठेवू नका. रंग उडेल त्याचा!"