वॉकरसाहेबांचं आडनाव

वॉकरसाहेब खूश झाले, तर धनंजय माखजनकरच्या पदरात पडणार होतं ते असं: दोन वर्षांचा व्हिसा, ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीमागच्या कंपनीच्या दोन खोल्या, आणि लेकीची, सोनलची, बारावी ह्याच शाळेतून. बारावीच्या तोंडावर शाळा बदललेली बोर्डाला चालत नाही, म्हणून ही शेवटची बाब सगळ्यांत वजनदार. आणि त्यासाठी द्यायचं काय? एक फ्रेम. सौदा इतका किफायतशीर दिसत होता, की धनंजयने तो दुसऱ्यांदा तपासलाच नाही.

धनंजय सुपरवायझर होता ती लॉन्ड्री मोठी होती. हॉस्पिटलांच्या चादरी, गाऊन, अभ्रे असं ट्रकांनी यायचं. आता नव्या मालकाने नवी मशिनं आणली आणि दोन सुपरवायझरांपैकी एकच ठेवायचं ठरवलं. दुसऱ्याचा व्हिसा तीस तारखेला खलास. ठेवायचा कोण, ते मॅनेजर वॉकरसाहेब गुरुवारी मायदेशी निघण्याआधी सहीनिशी सांगणार होते. राहणाऱ्याकडे मुख्य काम हॉस्पिटलच्या रजिस्टरचं. कुठल्या चादरीवर कसला डाग आला, निघाला की नाही, ते लिहायचं.

दुसरा सुपरवायझर इस्त्री विभागाचा रमण. हा इतका भोळा, की आपल्याच विभागात चाळीस अभ्रे जळाले ते आपल्याच हाताने रजिस्टरात लिहून मोकळा झाला होता. त्याला धनंजय स्पर्धक धरतच नव्हता. तरीही मनात धाकधूक होतीच, आणि धाकधुकीत माणसाला भेटवस्तू सुचतात.

धनंजयचा हिशेब आपल्याकडचा होता. आपल्याकडे माणूस भेटला की चहाआधी आडनाव विचारतात आणि चहा येईपर्यंत त्याला कुठे बसवायचं ते मनात ठरतं. तेव्हा साहेबाला मान द्यायचा, तर त्याच्या आडनावाला द्यायचा. सोहारच्या बाजारात श्रीवर्धनचा मुनीर फ्रेमा करायचा. गोऱ्या लोकांसाठी त्याचा खास माल होता. वर ढाल-तलवारीचं चित्र, खाली आडनाव कुठून आलं, अर्थ काय, आज किती लोक लावतात, सगळं झोकदार अक्षरात.

मुनीरने कॉम्प्युटरवरून मजकूर काढला, कागद छापला आणि मराठीत सांगू लागला. “वॉकर. जुनं धंद्याचं नाव. विणून आलेलं लोकरी कापड कुंडात टाकायचं आणि त्याच्यावर चालायचं. तुडवून तुडवून मळ काढायचा. चालणारा तो वॉकर. आणि कुंडात घालायचे...” तो हसायला लागला. “शिळं मूत! मळ सुटायला.”

“मूत?”

“गावभरचं. गोळा करून.”

“बरं, नाव दुर्मिळ तरी आहे का?”

“कसलं दुर्मिळ! इंग्लंडात पहिल्या वीसांत. गल्लोगल्ली वॉकर.”

धनंजयला एसीखाली घाम फुटला. “म्हणजे धोबीच.”

“धोबीच की! लॉन्ड्रीच्या साहेबाला याहून झकास काय पाहिजे?”

“खुळा की काय तू? शंभर माणसांसमोर त्याला धोबी म्हणू?” धनंजयने पेन्सिल घेतली, छापलेल्या मजकुरावर काट मारली आणि समासात इंग्रजीत लिहिलं, राजाच्या अरण्यातून गस्त घालणारे अंमलदार. खालचा लोकसंख्येचा आकडाही खोडला. “मोजकीच घराणी, असं टाक.”

“टाकतो. शाई माझी, पाप तुझं,” मुनीर म्हणाला.

‘धोबी’ हा शब्द धनंजयला एवढा का झोंबला? माखजनला त्याचा बाप परीट होता. धंदाही परटाचा आणि आडनावही परीटच. अख्ख्या गावाची धुणी, बाळंतिणींचीसुद्धा, त्याच्या आईच्या डोक्यावरून नदीवर जायची. तेविसाव्या वर्षी धनंजयने राजपत्रात जाहिरात देऊन गावाचं नाव आडनावाला लावलं. पुढे सोहारच्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी “माखजनकर म्हणजे नेमके कोण?” असं विचारलं, की तो “माखजनचे” म्हणायचा आणि चिवड्याची ताटली पुढे करायचा. बायकोला, कल्पनाला, अर्थातच ठाऊक होतं. सोनलला नव्हतं. आणि ठाऊक होतं ड्रायरवरच्या बाबामियाँना. ते शेजारच्या फुणगूसचे. अकरा वर्षं त्यांनी धनंजयची यथेच्छ टिंगल केली, पण ह्या एका बाबतीत चकार शब्द काढला नव्हता.

फ्रेम घरी आली, तशी सोनलने वाचली. “बाबा, हे राँग आहे. मी सर्च केलं. वॉकर म्हणजे ते लोक कपडा वॉश करायचे.”

“गप्प बस. असं कुणाच्या तोंडावर सांगतात?”

“पण व्हाय? तुम्ही पण तेच करता ना?”

धनंजयने एसीचा रिमोट शोधायला घेतला. तो हातातच होता.

गुरुवारी इस्त्रीच्या हॉलमध्ये निरोपसमारंभ झाला; सोनलही आली होती. बाबामियाँनी फ्रेमेकडे बघून विचारलं, “काय रे धनू, गोऱ्याची कुंडली मांडलीस होय?” साहेबांनी मजकूर वाचला, भुवया वर केल्या, हसून हात मिळवला. केक कापला. धनंजयने मनातल्या मनात व्हिसा खिशात घातला.

अर्ध्या तासाने त्याला केबिनमध्ये बोलावणं आलं. सोनल उरलेल्या केकच्या खोक्यासकट मागोमाग आली. आत बाबामियाँ साहेबांच्या बॅगा बांधत होते. काच विमानात फुटेल म्हणून साहेबांनी फ्रेम उघडली होती, आणि टेबलावर एका कागदाचे दोन झाले होते. मुनीर वाया गेलेला कागद कधी टाकत नसे. तो फ्रेमेच्या पाठीला भरणी म्हणून घाली. धनंजयच्या पेन्सिलीसकट पहिला कागद तिथे निघाला.

“हे अक्षर तुझं,” साहेब इंग्रजीत म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “माझा आजा मला मांडीवर घेऊन सांगायचा, आपले पूर्वज कुंडात उभे राहून दुसऱ्यांचं कापड स्वच्छ करायचे. म्हणूनच मी ह्या धंद्यात आलो. तू ते का खोडलंस?”

“सर, ते... दुकानदाराने...”

“अक्षर तुझं आहे, धनंजय.”

धनंजयच्या घशात उत्तर होतं, आणि ते फार लहान होतं. सर, मी पण वॉकरच आहे. आमच्याकडे हे सांगितलं की लोक पाण्याचा पेला वेगळा काढतात, म्हणून भ्यालो. बाबामियाँ बॅगेवर गुडघा टेकून त्याच्याकडे बघत होते. “सांग रे,” ते मराठीत पुटपुटले. “सांगून टाक मेल्या. गोरा ऐकेल.”

दाराशी खोकं धरून सोनल उभी होती.

“तुम्हाला मान द्यावा म्हणून, सर,” धनंजय म्हणाला.

साहेबांनी पेन उघडलं. मग म्हणाले, “मला डागाला डाग लिहिणारा माणूस पाहिजे. हॉस्पिटलची धुणी आहेत ती.” आणि त्यांनी रमणच्या नावापुढे सही केली. धनंजय टेबलाला हात लावून म्हणाला, “सर, प्लीज, मुलीची बारावी...” पण पेनाला टोपण लागलं होतं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता.

मग दोन आठवडे धनंजयने वसाहतीतला एकेक दरवाजा ठोठावला. एकेक अर्बाब, म्हणजे तिथला मालक, “इन्शाल्ला” म्हणाला, आणि त्याचा अर्थ ‘नाही’ असतो हे इतक्या वर्षांत त्याला कळलं होतं. सत्तावीस तारखेला पंखे, गाद्या विकून झालेल्या खोलीत सोनल रत्नागिरीच्या कॉलेजचा फॉर्म मोबाइलवर भरत बसली. पुन्हा अकरावीचा. फॉर्मला जातीच्या रकान्यासाठी वडिलांचा शाळेचा दाखला हवा होता, आणि नाव बदललं असल्यास राजपत्राची प्रत. कल्पनाने फाइल तिच्यापुढे ठेवली आणि धनंजयकडे न बघता आत गेली.

सोनलने दाखला वाचला. मराठी वाचायला तिला वेळ लागायचा, त्यामुळे धनंजयला प्रत्येक अक्षराचा वेळ भोगावा लागला.

“प... री... ट. म्हणजे? वॉशरमन?” तिने वर पाहिलं. “सो बाबा, तुमचं आणि वॉकर अंकलचं सरनेम सेम आहे?”

“हो.”

“मग त्या दिवशी बोलला का नाही?”

“तू होतीस,” धनंजय म्हणाला.

दाखल्याचा फोटो काढून तिने फॉर्मला जोडला.

मुनीरला फ्रेमेचे पैसे मिळाले. साहेबांनी पेन्सिलीचा कागद नेला आणि झोकदार कागद टेबलावर ठेवला; तो रमणने रजिस्टराला आवरण म्हणून घातला. बाबामियाँनी अकरा वर्षं राखलेलं गुपित एका फॉर्मने फुकटात फोडलं. धनंजयची नोकरी गेली ती जे झाकण्यासाठी, तेही झाकलं राहिलं नाही. आणि किंमत म्हणून एक अख्खं वर्ष मोजलं सोनलने, जिने ह्या सौद्यात काहीच मागितलं नव्हतं.