नुमानचा हप्ता

जुम्याची नमाज आटोपते न आटोपते तोच उजमाचा फोन वाजायचा आणि घरातलं बोलणं थांबायचं. पाच टोकन गेले. नुमानने घेतले. नुमानला जाऊन सहा महिने झाले होते.

उजमा जुन्नरला घरी बसून परदेशातल्या लोकांना मेंदीच्या नक्ष्या काढून द्यायची, आणि मोबदल्याचे टोकन, म्हणजे इंटरनेटवरचे पैसे, तिच्या फोनमधल्या वॉलेटात जमायचे. धाकटा भाऊ नुमान अवसरीला इंजिनिअरिंग शिकत होता. नंबरी लबाड. वॉलेट मीच उघडून दिलं, तर पेट्रोलचा हप्ता माझा, म्हणून त्याने एक प्रोग्राम बसवला. दर शुक्रवारी तो आपोआप तिचे पाच टोकन नुमानच्या वॉलेटात ओढायचा. "टोकन काढायची थोडी थोडी परवानगी दिलीस तर दर येळी नेटवर्कची फी बसंल. एकदाच कायमची देऊन टाक," तो म्हणाला, आणि हिने हसत हसत दिली. मग एका संध्याकाळी हायवेवर त्याची गाडी घसरली. त्याच्या वॉलेटचा पासवर्ड त्याच्याबरोबरच गेला, पण मालक मेल्याचं त्या प्रोग्रामला कोण सांगणार? टोकन तिकडे जात आणि अडकून पडत.

परवानगी रद्द करायलाही फी लागते, आणि ती तासातासाला वरखाली होते. अब्बांनी, बदरुद्दीननी, आपणहून फीचे पैसे दिले. "तुझी कमाई मातीत चाललीय. बंद कर ते."

"आज फीचा भाव चढलाय, अब्बा," उजमा रोज सांगायची. भाव केव्हाच उतरला होता. पण रद्द करायला बोट पुढे केलं की आपण नुमानला दुसऱ्यांदा कबरीत उतरवतोय असं वाटून ती फोन उलटा ठेवून द्यायची. शुक्रवारची तिला भीती वाटायची आणि ती शुक्रवारची वाटही बघायची. तो गेल्यापासून तिने एकही नक्षी काढली नव्हती.

बदरुद्दीन नारायणगावच्या बाजारातले टोमॅटोचे व्यापारी. त्यांना भाव सांगून फसवणं सोपं नव्हतं. एका गुरुवारी ते तिच्यासमोर येऊन बसले.

"उजमा, सहा महिने कुठलाच भाव चढा राहत न्हाई."

तिने मान खाली घातली. "आज करते रद्द. तसेही तीनच टोकन उरलेत, आणि पाच नसले की प्रोग्राम काहीच ओढत न्हाई. उद्या त्याला काही मिळणारच न्हाई."

बदरुद्दीननी खिशातून नोटा काढून तिच्या हातावर ठेवल्या.

"फी तर तुमी मागंच दिली, अब्बा."

"हे फीचे न्हाईत. ह्याचे टोकन इकत घे," ते म्हणाले. "उद्या पोरगं रिकाम्या हातानं माघारी जाईल."