ठमाबाईंचा हळदीतला फोटो

सुदेशचा उजवा हात थरथरायला लागला, त्याला आता वर्ष होत आलं होतं. सुरुवातीला चहाचा कप बशीत वाजायचा, तेवढंच. मग एका साखरपुड्याचे पन्नासेक फोटो हललेले निघाले. डोंबिवलीत बावीस वर्षं लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा हात हलतो, हे बाहेर कळलं तर पुढच्या सीझनला दारात कोण उभं करणार? त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. शुभदानं एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "झोप होत नाही गं नीट. दुसरं काही नाही."

मोठा ट्रायपॉड होता त्याच्याकडे. पण लग्नघरात त्याचे तीन पाय पसरायला जागा कुठे असते? बायका अडखळतात, पोरं लाथा मारतात. म्हणून त्यानं तो छोटा, वळणाऱ्या पायांचा ट्रायपॉड आणला. वीतभर उंची, पायांना मण्यांसारखे सांधे. खिडकीच्या गजाला नाहीतर खांबाला वेटोळं घालून बसवायचा, कॅमेरा वर लावायचा आणि रिमोटनं फोटो काढायचे. हात खिशात.

त्याच्याबरोबर व्हिडिओ काढणाऱ्या प्रीतमनं तो उलटसुलट करून पाहिला. "दादा, हलक्या कॅमेऱ्याला बरा आहे हा. टेबलावर ठेव, गजाला बांध, मस्त काम होतं. पण तुझा हा विटेसारखा जड कॅमेरा, वर फ्लॅश, पुढे एवढी मोठी लेन्स... मान टाकेल तो."

"घरी लावून बघितलाय. तासभर हलला नाही," सुदेश म्हणाला.

हे खरं होतं. स्वयंपाकघराच्या ग्रिलला कॅमेरा तासभर उभा राहिला होता. फक्त तेव्हा वर फ्लॅश नव्हता आणि लेन्स छोटी होती, हे त्यानं सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात कोलशेतला जगन म्हात्रेंच्या मुलीची, संचिताची हळद होती. हळद रात्रीची, पण जगनची आई ठमाबाई महिनाभर अंथरुणाला खिळलेली. तिला रात्रीपर्यंत बसवणार नाही, म्हणून पहिली हळद दुपारीच तिच्या हातून लावायची असं ठरलं. संचिताला लहानपणापासून आजीनंच वाढवलेलं. जगननं सुदेशला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, बाकी फोटो कसे पन येऊ दे. आईचा नि पोरीचा येक बेस काढ. डॉक्टरनं आमाला सांगितलंय काय ते."

खोली लहान, बायकांनी भरलेली. प्रीतम व्हिडिओसाठी संध्याकाळीच येणार होता. सुदेशनं ट्रायपॉडचे पाय खिडकीच्या गजाला गुंडाळले, कॅमेरा चढवला, चौकट बघितली. आजीची खुर्ची आणि खाली पाटावर संचिता, दोघी नीट येत होत्या. सगळ्यांनी मोबाईल वर धरलेले दिसले तेव्हा तो म्हणाला, "मोबाईल खाली ठेवा जरा. फ्रेममध्ये येतात. मी देतो ना सगळ्यांना फोटो." बायकांनी ऐकलं.

ठमाबाईला दोघांनी धरून आणलं. तिनं बोटं हळदीत बुडवली, नातीच्या गालांना लावली आणि मग तिचं तोंड दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसती बघत बसली. संचिता रडली, मग हसली. आजीही हसली. सुदेश भिंतीला टेकून, उजवा हात खिशात दाबून, डाव्या हातानं रिमोटचं बटण दाबत होता. प्रत्येक वेळी फ्लॅश उडत होता. कॅमेऱ्यापाशी जाऊन पडद्यावर एकदा बघावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण त्यासाठी हात बाहेर काढावा लागला असता, आणि शेजारीच जगन उभा होता.

संध्याकाळी अंगणात मांडवाची गडबड चाललेली असताना त्यानं एका कोपऱ्यात बसून फोटो पाहिले. पहिला ठीक होता, पण तेव्हा आजी नुसती खुर्चीत टेकत होती, तोंड वळवलेलं. दुसऱ्यात आजी फक्त हनुवटीपासून खाली. मग हळदीनं भरलेले हात. मग गुडघे. शेवटच्या दहा-बारा फोटोंत फक्त पाट, जमीन आणि आजीचे सुजलेले पाय. गजावरचा ट्रायपॉड एकेक सांधा ढिला करत इंचाइंचानं वाकला होता.

प्रीतमनं मागून पाहिलं. तो म्हणाला, "सांगायचं का त्यांना?"

"आज नको. शुभकार्यात कशाला," सुदेश म्हणाला.

लग्न झालं. सुदेशनं रोज ठरवलं, आज फोन करू. हळदीनंतर अकराव्या दिवशी फोन जगनचाच आला. आई पहाटे गेली होती. "तो हळदीतला फोटो दे भाऊ. मोठा करून लावायचाय."

प्रीतमनं दोन वाटा सुचवल्या. कार्ड खराब झालं म्हणून सांग, नाहीतर आजीचा दुसऱ्या फोटोतला चेहरा कॉम्प्युटरवर चिकटव. सुदेशनं चिकटवूनही पाहिला. पण त्या पहिल्या फोटोतली म्हातारी नातीकडे बघण्याऐवजी भलतीकडेच बघत होती. त्यानं ते पुसून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी कोलशेतला गेला.

ओटीवर जगन बसला होता, डोकं भादरलेलं. संचिता सासरहून आलेली. सुदेशनं सगळं सांगितलं. हाताचंही सांगितलं, आणि सांगताना हात लपवला नाही. मग फोटो दाखवले.

जगननं ते शेवटपर्यंत पाहिले. आवाज न चढवता म्हणाला, "तुला कवा कललं?"

"त्याच संध्याकाळी."

"मंग तवाच का नाय सांगितलंस? आई अकरा दिवस होती. परत बसवली असती तिला. हलद काय, घरातच होती."

संचिता उठून आत गेली. तिचा हिरवा चुडा दाराला लागून वाजला. सुदेश अजून थोडा वेळ बसला. पाणी कुणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं असं त्याला वाटलं.

घरी येऊन त्यानं शुभदासमोर दोन्ही हात धरले. ती त्याच्यावर रागावली नाही. दुसऱ्याच दिवशी ती त्याला ठाण्याला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. हात थोडा थांबला, पुरता थांबणार नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. कॅमेरा त्यानं प्रीतमला दिला.

लग्नाचा अल्बम म्हात्रेंकडे पोचवायला प्रीतमच गेला. परतल्यावर सुदेशनं विचारलं, "म्हातारीचा फोटो लावलाय का?"

"लावलाय. हार घातलाय."

"कुठला?"

"आधार कार्डावरचा. मोठा केलाय."

"कसा आलाय?"

"कसा येणार?" प्रीतम म्हणाला आणि बूट काढायला वाकला.